परतीचं दूध

काचेच्या छोट्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं. पाणी पिवळं झालं की ते प्यायला चांगलं.

*

दूध संकलन केंद्राच्या पत्र्यावर, खडूनं: सुई टोचलेल्या गाईचं दूध सात दिवस घेतलं जाणार नाही. हुकमावरून, चेअरमन.

*

"आदी दोन बोटं दे त्येच्या तोंडात. चोखाय लागलं की हात हळूच दुधात बुडव. त्येला वाटतंय, आईचा सड हाय. मंग एकेक बोट काढून घ्यायचं."

*

ओढ्यावर चार दिवस झाले, घारी फिरतायत.

*

निळा ड्रम. खाली तोटी. अंगावर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं: हात धुवा.

*

तपासणी नमुना, रकाना अकरा. हात धुण्याची सोय: आहे / नाही. 'आहे'वर बरोबरची खूण. निळी शाई.

*

शिवकन्या, वय वर्षं आठ. शुक्रवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

१. पाणी

राधाकिशन तालुक्याच्या दवाखान्यात पोचला तेव्हा पोरीला चादरीत बांधून झालं होतं. गाठ घाईत मारलेली. एक टाच उघडी राहिली होती. कुणाला न विचारता त्यानं चादर ओढून ती टाच झाकली आणि मग तिथंच उभा राहिला, कारण पुढं काय करायचं ते सुचेना.

एकतीस वर्षं तो आरोग्यसेवक होता. आडात, टाकीत आणि दुष्काळाच्या साली टँकरमध्ये टीसीएलची, म्हणजे क्लोरीनची, पावडर टाकायची, पाणी तपासायचं, कागद भरायचे. दोन हजार एकोणीसचा हा त्याचा चौथा दुष्काळ. कडा गावाच्या पुढं हिवरवाडीच्या माळावर दूध संस्थेनं चारा छावणी उघडली होती. अकराशे जनावरं आणि त्यांच्या दावणीला येऊन राहिलेली चारशे माणसं. तिथं तो रोज सकाळी टँकरचं पाणी नळीत धरायचा आणि शिवकन्या शेजारी उकिडवी बसून बघायची. पाणी पिवळं झालं की टाळी वाजवायची. छावणीतल्या बाकी सगळ्यांना तो टीसीएलवाले होता. ती त्याला पिवळेमामा म्हणायची.

व्हरांड्यात तिची आजी चंद्रभागाबाई फरशीवर बसली होती. मांडीवर शिवकन्येचा भाऊ, हनुमंत, चार वर्षांचा. आईबाप कर्नाटकात कारखान्यावर ऊस तोडायला गेलेले. निरोप गेला होता. उद्या सकाळी पोचणार होते.

"पिवळेमामा," म्हातारी म्हणाली. नात ज्या नावानं हाक मारायची त्याच नावानं. "ह्येचं आंग बगा."

त्यानं हात लावला. तव्यासारखं.

डॉक्टरबाई तरुण होत्या. रात्रभर जागल्यानं डोळे लाल झालेले. त्यांनी त्याला बाजूला घेतलं.

"पोरीवर पहिलं औषध चाललं नाही. दुसरं चाललं नाही. मग हे दिलं, आमच्याकडची सगळ्यात मोठी सुई." त्यांनी त्याच्या हातात एक रिकामी छोटी बाटली ठेवली. लेबलवर नाव: सेफ्ट्रायाक्झोन. "तापानं तिला जुमानलंच नाही. भावाला कालपासून तीच देतेय. ताप एकशे चार."

"रक्त तपासलं का?"

"नमुना नगरला पाठवलाय. जंतू कोणता, कशानं मरतो, हे कळायला तीन दिवस. या पोराकडं तीन दिवस नाहीत."

"दुसरं औषध न्हाईच का?"

"आहे. नगरच्या मोठ्या दवाखान्यात, राखून ठेवलेलं. नुसत्या माझ्या संशयावर ते काढून देणार नाहीत, आणि देऊही नये. तेही बोथट झालं तर पुढं काहीच उरत नाही. मला कारण पाहिजे, राधाकिशनराव. हा जंतू आला कुठून, आणि मोठ्या सुईला न भ्यायला त्याला शिकवलं कुणी? संध्याकाळपर्यंत सांगा."

तो निघाला. जिना उतरताना त्याच्या डोक्यात एकच विचार होता: पाणी आपण पास केलं होतं.

२. ताक

छावणीत पोचल्यावर त्यानं पहिलं काम तेच केलं. टँकर, टाकी, रांजण, हौद. चार ठिकाणचं पाणी नळीत धरलं. चारही वेळा पिवळं.

शिवाय चारशे माणसं तेच पाणी पीत होती आणि शिवकन्या सोडून आजारी होती फक्त सहा. सहाही पोरंच. पाण्यातून आलं असतं तर म्हातारी माणसं आधी पडली असती.

त्याला हायसं वाटलं. लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

तेवढ्यात दावणीच्या टोकाला गलका उठला. चेअरमन अर्जुनराव कमरेवर हात ठेवून उभे. दूध संस्था त्यांची, छावणी त्यांची, पुढच्या झेडपीची उमेदवारीही त्यांचीच धरायची. समोर रुक्मिणीबाई. दोन म्हशींची मालकीण. रोज दुपारी रवी घुसळून ताक करायची आणि मागेल त्याला वाटीभर द्यायची.

"सांच्याच्या आत दोन्ही म्हशी सोडा. तुमच्या ताकानं पोरगी गेली. लोक भडकलेत."

"लोक? का तुमी?" बाईचा आवाज माळभर गेला. "दोन म्हैनं माझं ताक पिऊन मिशीला पीळ दिलासा, चेअरमन. तवा गोड लागलं. आता इख झालं व्हय?"

कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. छावणीबाहेर वीस कोसात हिरवी काडी नव्हती. म्हशी बाहेर काढणं म्हणजे त्या आठ दिवसांत मारणं, हे हसणाऱ्यालाही ठाऊक होतं.

राधाकिशन मधे शिरला. "मावशी, आजारी पोरांतल्या कुनी कुनी ताक पिलं?"

"सहातल्या तिघांनी. अन् न आजारी पडलेल्या दोनशे जनांनी. ल्ह्या, तुमच्या कागदावर ल्ह्या." ती धापा टाकत होती. "अन् त्यो हनुमंता? त्यो माझ्या ताकाला तोंड लावीत न्हवता. बहिनीबिगर कुनाच्या हातचं खातच न्हाई त्यो. म्या येकदा घास दिला, तर थुकला मेल्यानं..."

शेवटचा शब्द तिच्या तोंडून निघून गेला होता. तिनं पदर तोंडात कोंबला आणि मटकन खाली बसली.

राधाकिशननं वहीत ताकावर रेघ मारली. बाई जे बोलली त्यातलं खरं महत्त्वाचं वाक्य त्यानं लिहिलंच नाही. ते त्याच्या लक्षात यायला अजून तीन तास होते.

"चेअरमन," तो म्हणाला, "वड्यावर घारी कावून फिरायल्यात?"

अर्जुनरावांचे कमरेवरचे हात खाली आले.

३. ओढा

ओढा कोरडा होता. वाळूत फावड्यानं उकरलेलं, वरून बाभळीच्या काटेरी फांद्या टाकलेल्या. कुत्र्यांनी एक कोपरा उघडा केला होता. त्यातून छोटा खूर बाहेर आलेला.

अर्जुनराव मागं येऊन उभे राहिले. एकटे. आवाज वेगळाच झालेला.

"पाच हायत."

"कधीपास्नं?"

"म्हैना झाला. हगवन लागती, दोन दिसात आडवं पडतं."

"कावून लपवलं, मालक?"

"कळवलं आस्तं तर छावनी बंद." ते घारींकडं बघत होते. "अकराशे जनावरं, राधाकिशन. कुटं न्यावी? तुमी सांगा. म्या रातसार इचार केला. पाचासाठी अकराशे मारू का?"

राधाकिशननं खूर पुन्हा वाळूत ढकलला. त्याला सकाळची टाच आठवली आणि तो घाईनं उठला.

"मोठं जनावर किती मेलं?"

"मोठं एकबी न्हाई. निस्ती वासरं."

"येकाच दावनीची?"

"छे. पाच घरची पाच. ह्या टोकापास्नं त्या टोकापत्तुर."

राधाकिशन थांबला. अकराशे जनावरं. एकच चारा, एकच हौद. मेली ती फक्त वासरं. चारशे माणसं, एकच टँकर. पडली ती फक्त पोरं.

"मालक, छावनीत अशी कंची गोष्ट हाय, जी वासरू खातं अन् गाय खात न्हाई?"

अर्जुनरावांचा चेहरा उजळला. सांगण्यासारखी, कौतुकाची गोष्ट आठवली म्हणून.

"ती तर माझीच कल्पना," ते म्हणाले. "परतीचं दूध."

४. पिंप

वासरांचा वाडा छावणीच्या मधोमध होता. तुराट्यांचं कूड, आत चाळीसेक वासरं, कडेला झाकणाचं पिंप.

गाईची कास दुखावली, दगडासारखी झाली, की तिला सुई टोचायची. सुई टोचली की औषध दुधात उतरतं, म्हणून संस्था ते दूध सात दिवस घ्यायची नाही. नियम चांगला होता आणि अर्जुनराव तो काटेकोर पाळत. शहरातल्या लेकरांच्या पोटात औषधाचं दूध जाऊ नये. पण दुष्काळात दूध ओतून द्यायचं? अख्ख्या छावणीतलं परत केलेलं दूध या एका पिंपात गोळा व्हायचं आणि सगळ्या वासरांना मिळायचं. आजारी गाय वासराला कासेला लागू देत नाही, त्यामुळं त्यांचीही सोय झाली. थेंब वाया जात नव्हता. लोकांनी अर्जुनरावांचा त्यासाठी नारळ देऊन सत्कार केला होता.

सुई टोचणारा सिदू. लोक त्याला डाक्टर म्हणायचे. डॉक्टरच्या हाताखाली चार वर्षं पिशवी धरली, एवढंच त्याचं शिक्षण. तो मोटारसायकलवर बसून तंबाखू मळत होता.

"काय बे टीसीएलवाले, आज हिकडं कुटं? जनावराच्या मुतात पावडर टाकतू का?"

"सिदू, गाईला कंची सुई देतू?"

"आदी साधी देत व्हतो. गुन येईना. मंग दुसरी. तिचाबी गुन गेला. संक्रातीपास्नं मोठी देतूय. येकदम पावरबाज." त्यानं डिकीतून रिकामी बाटली काढून फेकली. राधाकिशननं ती झेलली.

मोठी बाटली. लेबलवर गाईचं चित्र. त्यानं खिशातून सकाळची छोटी बाटली काढली. तिच्यावर चित्र नव्हतं.

नाव तेच होतं.

सिदूचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "ही कुनाची?"

"शिवकन्येची."

सिदू गाडीवरून उतरला. त्यानं दोन्ही बाटल्यांवरची नावं शेजारी धरून वाचली. "म्या माप चुकलो न्हाई," तो म्हणाला. "देवाशप्पत, दादा. म्या माप कदीच चुकलो न्हाई."

५. फोन

"कारण सापडलं," राधाकिशन डॉक्टरबाईंना फोनवर म्हणाला. "रोज थोडं थोडं औषध वासरांच्या पोटात जातंय, तीन म्हैने. आदी साधं, मंग दुसरं, मंग मोठं. जंतू मरायला कमी, शिकायला पुरेसं. वासरांना हगवन लागली. पाच मेली."

"आणि पोरांना?"

"वासराला बादलीतून प्यायला शिकवावं लागतं. दुधात हात घालून बोटं चोखू द्यायची. ते काम छावनीत पोरंच करतात. आजारी पडलेली पाच पोरं वासरांच्या वाड्यात रोज जाणारी. मी एकेकाला विचारलं."

पलीकडं लिहिल्याचा आवाज येत होता. मग थांबला.

"पाच. आजारी सहा आहेत, राधाकिशनराव. हनुमंत चार वर्षांचा आहे. तो जायचा वाड्यात?"

"न्हाई. वासराला भितो त्यो."

"मग हे कारण त्याला लागू पडत नाही. नगरवाले पहिला प्रश्न हाच विचारतील."

तो पिंपाशेजारी उभा होता. समोरून रुक्मिणीबाई दोन्ही म्हशींना दाव्यांनी धरून निघाली होती. रडत नव्हती. म्हशींशी बोलत होती. *बहिनीबिगर कुनाच्या हातचं खातच न्हाई त्यो.*

"बाई," तो म्हणाला, "फोन जरा चंद्रभागाबाईला द्या."

म्हातारीचा श्वास आला.

"आक्का, हनुमंताला कोन भरवायचं?"

"तीच की. आई गेल्यापास्नं दुसऱ्याचा घासच घेत न्हवता. दुधात भाकर कुस्करायची, बोटांनी भरवायची. येकेक घास. चिमनीचा, कावळ्याचा."

"वाड्यातनं आल्यावर?"

"आल्या आल्या. ह्यो भुकेला बसल्याला आसायचा नव्हं. लाल वासराकडं दिसातनं दोनदा पळायची. माझं बोट दिल्याबिगर पीतच न्हाई म्हनायची."

"हात धुवायची का?"

"पानी कुटं व्हतं, दादा? लई झालं तर फ्राकला पुसायची." मग, फार हळू: "तिच्या हातानं गेलं का ह्येच्या पोटात?"

"फोन डॉक्टरबाईला द्या, आक्का."

"सांगा की."

त्यानं सांगितलं नाही. न सांगणं हेही सांगणंच झालं. फोन डॉक्टरबाईंच्या हातात गेला तेव्हा पलीकडून म्हातारीचा आवाज येत होता, रडण्याचा नव्हे, कुणालातरी समजावल्याचा: लेकरानं लेकराला भरवलं, लेकरानं लेकराला भरवलं.

"पुरेसं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी गाडी काढते. नगरला कळवते."

६. रकाना अकरा

उकल झाली होती. गुन्हेगार सापडत नव्हता.

संस्थेनं औषधाचं दूध नाकारलं, ते बरोबर. दुष्काळात दूध सांडू दिलं नाही, त्यात कुणाला वाईट दिसलं नाही. सिदू माप चुकला नाही. पोरीनं वासराला जगवलं, भावाला जगवलं. राधाकिशन वहीतली नावं एकेक करून खोडत गेला. शेवटी एक नाव उरलं, जे त्यानं लिहिलंच नव्हतं.

वाड्याच्या दाराशी निळा ड्रम होता. हात धुवा. त्याच्या तोटीवर कोळ्यानं जाळं विणलं होतं, जुनं, धुळीनं राखाडी झालेलं. आत पालापाचोळा. हा ड्रम कधी भरलाच गेला नव्हता. त्याच्या वाट्याचं पाणी हौदाला जायचं. जनावरं आधी, हा तर छावणीचा सरळ हिशोब होता.

महिन्यातून एकदा तपासणीचा कागद तोच भरायचा. रकाना अकरा. ड्रम दिसला होता. लांबून. त्यानं खूण केली होती. पाण्याची नळी पिवळी झाली होती, शेजारी एक पोरगी टाळ्या वाजवत होती, आणि तो खुशीत होता.

अर्जुनराव मागून आले. "मंग? कुनी केलं?"

"आदी रुक्मिणीबाईच्या म्हशी आत घ्या."

"घेतो. पन केलं कुनी?"

राधाकिशननं पिंपाचं झाकण काढलं, पिंप लवंडलं. दूध मातीत गेलं. कुडापलीकडं वासरं हंबरली. अर्जुनरावांनी अडवलं नाही.

"तुमी येक कागद ल्ह्या, मालक. वासरं किती मेली. म्याबी येक ल्हितो," तो म्हणाला. "दोघं मिळून देऊ."

त्यानं झोळीतून नमुन्याची कार्बनप्रत काढली, रकाना अकरावरची खूण खोडली, 'नाही'वर केली आणि शेजारी सही केली. तारीख आजची.

आईबाप दुसऱ्या दिवशी उसाच्या ट्रकमधून उतरले. बापाच्या हातावर पाचटाचे चरे होते. आईनं एकच विचारलं, शेवटी काय खाल्लं तिनं. पिंपाचं, सुयांचं, ड्रमचं आणि आपल्या खुणेचं राधाकिशननं दोघांना सगळं सांगितलं. घासाचं सांगितलं नाही. चंद्रभागाबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. ते दोघांनी आपसांत ठेवलं.

नगरचा अहवाल सोमवारी आला. साधी सुई, दुसरी सुई, मोठी सुई: तिन्हींपुढं नकार. राखून ठेवलेल्या औषधापुढं होकार. ते औषध हनुमंताला शनिवारी पहाटेच सुरू झालं होतं. बाकीची पाच पोरं आपोआप उठून बसली होती.

मंगळवारी हनुमंताचा ताप उतरला. पण तो खाईना. आईनं घास केला, तोंड फिरवलं. आजीनं केला, तोंड फिरवलं. दाराकडं बघत राहिला.

गुरुवारी रुक्मिणीबाई एसटीनं नगरला गेली. दवाखान्यातल्या नळावर साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. दहीभात कुस्करला आणि त्याच्या ओठांना लावला.

तो तिच्या अंगावर थुंकला. चांगला जोरात.

"थुक बाबा," ती म्हणाली, आणि आता मात्र रडत होती. "थुक. लई जोर आलाय. आनखी थुक."

चौथा घास त्यानं गिळला.

लाल वासरू बोटाशिवाय, स्वतःहून बादलीतून दूध प्यायला लागलं तो बुधवार होता. शिवकन्येला ताप यायच्या चार दिवस आधीचा. तरी ती दिवसातून दोनदा त्याच्याकडं पळतच होती.